शेवटच्या बसआधी

१२ ऑगस्ट ही डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांची जयंती. देशभर हा दिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, हा उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सुपा-जोयड्याच्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. अणशीच्या बाजूने कॉलेजला येणाऱ्या मुलीचा सगळा दिवस बसच्या वेळेला बांधलेला असतो. शेवटचा तास सुटल्यावर पंधरा-वीस मिनिटे हाती लागली, तर तेवढेच तिचे ग्रंथालय.

म्हणून ग्रंथालयाचे संगणकीकरण हवेच. जुन्या पद्धतीत पुस्तकाच्या खिशातले कार्ड काढा, वाचकाच्या कार्डात घाला, तारीखपट्टीवर शिक्का मारा, नोंदवहीत लिहा, आणि मागे रांग तशीच. बारकोडमुळे हे सारे क्षणात उरकते. पण वेळ खरा जातो तो पुस्तक सापडण्यात, आणि तिथेच आपली कॉलेजे कमी पडतात. मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत भरलेली असतात. ‘श्यामची आई’ कुणी ‘एस’ने लिहिते, कुणी ‘एस-एच’ने, ‘आई’ला कुणी दोन ‘ए’ लावते, कुणी एकच. शोधणारीची अक्षरे नोंदीशी जुळली नाहीत की यंत्र सांगते, पुस्तक नाही. ते मात्र तिसऱ्या कपाटात उभे असते. इन्फ्लिबनेट या संस्थेच्या ‘सोल’ या ग्रंथालयप्रणालीत आणि ‘कोहा’ या दुसऱ्या प्रणालीत देवनागरी आणि कन्नड, दोन्ही लिपींची सोय आहे. अडते ते एकेक पुस्तक हातात घेऊन नोंद नव्याने भरणाऱ्या माणसावर. ग्रंथपालाची जागा रिकामी ठेवून संगणक आणण्याला आम्ही सुधारणा म्हणणार नाही.

‘कोहा’चा जन्म इथे आठवावा असा आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयाची जुनी संगणकप्रणाली २००० साल ओलांडणार नव्हती. त्यांनी स्वतःसाठी नवी करून घेतली आणि जगाला फुकट दिली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. खेड्याच्या गरजेतून घडलेली ही प्रणाली आपल्या खेड्यांना परकी वाटू नये. ग्रंथालयातल्याच एका संगणकावर ती बसवली, तर पावसाळ्यात रेंज गेली तरी देवघेव थांबत नाही.

आणि एक काम बाहेरचे कुणी करून देणार नाही. जुने सुपा काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्यात गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, विस्थापितांची घरे रामनगरला उभी राहिली. त्या दिवसांची कात्रणे, स्मरणिका, पुनर्वसनाचे कागद जिथे कुठे असतील, तिथून ते गोळा होऊन तालिकेत आले पाहिजेत. घरात कोकणी-मराठी आणि शाळेत कन्नड बोलणारी मुलगी ‘सुपा’ हे दोनच अक्षरांचे नाव तिला येईल त्या लिपीत टाकील, तेव्हा आजोबांच्या गावाचा कागद बस सुटायच्या आत तिच्या हातात पडायला हवा.