मुंजाचा वारसाहक्क

आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट ७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. त्यात मोठा नट नव्हता. तरीही प्रेक्षकांनी एकमेकांना सांगून तो चालविला आणि देशात त्याने शंभर कोटींहून अधिक रुपये मिळविले. पुण्यात आईच्या ब्युटी पार्लरमध्ये राबणारा एक भित्रा तरुण आणि त्याच्या मानगुटीवर बसलेले कोकणातले भूत, असा हा मामला आहे. कच्चा माल कोकणचा, गिरणी मुंबईची, विक्री हिंदीतून. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही व्यवस्था जुन्या ओळखीची आहे. पण आजचा मुद्दा तो नव्हे.

अलीकडेच एका अभ्यासशिबिरात या चित्रपटावरून वाद झाला. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याचा संताप समजण्यासारखा होता. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी याच शहरात खून झाला. त्या खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. त्यानंतर बरोबर चार आठवड्यांनी नरबळीचा आणि भुताटकीचा हा खेळ लागतो आणि पुणेकर रांगा लावतात, हे त्यांना सहन होत नव्हते. त्यावर तरुण मंडळींचे उत्तर असे की, ही निव्वळ करमणूक आहे, तिच्यात विचारसरणी कशाला शोधता? मला हे दोन्ही पक्ष चुकलेले वाटतात, आणि ज्येष्ठांची चूक अधिक महागात पडणारी आहे.

मी हा चित्रपट भरलेल्या चित्रपटगृहात पाहिला. भुतावर विश्वास ठेवणारे चेहरे मला तेथे दिसले नाहीत. लोक दचकत होते आणि लगेच हसत होते. प्रेक्षक पडद्यावरचे सारे खरे मानून घरी जातो, हे गृहीत धरणे म्हणजे जनतेला बुद्धी नाही असे म्हणणे होय. आणि समाजवाद्याने तरी ते म्हणू नये.

माझी तक्रार त्या हसण्यात जे निसटले त्याविषयी आहे. मुंजा म्हणजे काय? मुंज झालेला पण सोडमुंज होण्याआधीच मेलेला मुलगा, असे लोकसमजूत सांगते. म्हणजे ज्याला मुंजीचा अधिकार त्यालाच हे भूतपण! आपल्या भुतांनाही जात आणि लिंग असते. बाळंतपणात मेलेली बाई अळवंत होते; तिने आयुष्यभर काय सोसले हे कोणी विचारीत नाही, तिला फक्त घाबरायचे. मुंजाचे मात्र लाड होतात, कारण त्याची इच्छा अपुरी राहिली!

या चित्रपटातली इच्छा कोणती ते पाहा. १९५२ साली गोट्या नावाच्या पोराला त्याच्याहून वयाने मोठी असलेली मुन्नी हवी असते. ती मिळावी म्हणून तो सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि त्या झटापटीत स्वतःच मरतो. एक मुलगी मिळविण्यासाठी दुसरीचा गळा! पुढे दोन पिढ्या उलटतात. मुन्नी म्हातारी झालेली पाहताच मुंजा आपला दावा तिच्या नातीवर वळवितो. आजीवरचे कर्ज नातीकडून वसूल! सावकाराच्या वहीतही याहून निराळे काय असते? बेला नावाच्या त्या नातीला विचारण्याची गरज या भुताला वाटत नाही. चित्रपट मुंजाची बाजू घेत नाही, त्याला खलनायकच ठरवितो, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच्या लग्नाच्या हट्टाला खट्याळपणाचा असा मुलामा दिला आहे, की प्रेक्षागृह नेमके तेथेच खदखदून हसते.

हे हसू मला पुण्यात बसून ऐकवले नाही. २७ जून २०२३ रोजी, म्हणजे चित्रपटापूर्वी वर्षही झाले नव्हते तेव्हा, सदाशिव पेठेत नकार दिलेल्या तरुणीच्या मागे एक तरुण कोयता घेऊन धावला. बघे पुष्कळ होते. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी जीव धोक्यात घालून तिला वाचविले. १९९० साली उल्हासनगरला तर दहावीच्या परीक्षेच्या वर्गात शिरून विद्यार्थिनीला जाळले होते. यांतल्या कोणाच्याही अंगात भूत संचारले नव्हते. मुलगी ही आपल्याला येणे असलेली वस्तू आहे, हा घराघरात मिळणारा संस्कार तेवढा होता. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला, त्यासाठी माणसाने प्राण वेचले. या दुसऱ्या अंधश्रद्धेला मात्र आपण अंधश्रद्धा म्हणायलाही तयार नाही. तिला ‘एकतर्फी प्रेम’ असे गोंडस नाव देऊन बातमीच्या मथळ्यात बसविले आहे. त्यात प्रेम कोठे आहे?

शिबिरातल्या त्या दोन तासांच्या वादात पिंपळावर बोलणे झाले, सेन्सॉरवर झाले, दाभोलकरांवर झाले. बेलावर कोणी बोलले नाही. तेथे सात-आठ मुली होत्या. त्यांना कोणी विचारले नाही, आणि हे मी स्वतःला वगळून सांगत नाही. पुढच्या शिबिरात हा चित्रपट सर्वांना दाखवावा. नंतर पहिला तासभर फक्त त्या मुलींनी बोलावे. आम्ही म्हाताऱ्यांनी मागच्या सतरंजीवर बसून ऐकावे.