माझुर्का आणि शांघाय

चिनी पियानोवादक म्हणजे बोटांची कसरत, हा शेरा पाश्चात्त्य समीक्षक अजूनही सहज मारतात. त्यांनी फू त्सुंगला ऐकलेलं दिसत नाही. 1955 साली वॉर्साच्या शोपँ पियानो स्पर्धेत त्याला तिसरा क्रमांक मिळाला आणि माझुर्का वाजवण्यासाठीचं खास पारितोषिकही. माझुर्का हे पोलंडचं लोकनृत्य. त्याची हेलकावणारी लय परक्याला साधत नाही, असा तिथला ठाम समज. शांघायच्या या तरुणाने तो पोलंडमध्येच मोडला.

बाल्झाकचा अनुवादक असलेल्या त्याच्या वडिलांनी, फू लेईंनी, त्याला लहानपणीच अभिजात चिनी कविता शिकवली होती. शोपँचं संगीत समजायला तीच उपयोगी पडली, असं तो मानत असे.

उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. रशियन संगीतकार चेरेपनिनने 1934 साली चिनी वळणाच्या पियानो रचनांची स्पर्धा शांघायमध्ये घेतली. तीत चिनी संगीतकार हे लुटिंगच्या ‘गुराख्याची बासरी’ला पहिलं बक्षीस मिळालं. दोन हातांत दोन स्वतंत्र सुरावटी, ही बाखची रीत. सुरावटींचा बाज मात्र पंचस्वरी. भूप-दुर्गा रागांत मुरलेल्या मराठी कानाला तो परका वाटणार नाही. ही रचना जेमतेम तीन मिनिटांची आहे. पियानोवादक लांग लांगच्या झगमगाटाआधी ती जरूर ऐकावी.