वॉचमनला जे लागते, ते पोलिसाला का नको?

शिरवणे एमआयडीसीत सकाळच्या पाळीला जाणाऱ्या प्रत्येकाला कंपनीच्या गेटवरचा वॉचमन ओळखीचा असतो. प्लास्टिकची खुर्ची, रजिस्टर, शिट्टी, फार तर एक काठी आणि बारा तासांची ड्युटी. त्याला पोलिसासारखे अटकेचे अधिकार नसतात, कोणाला कोठडीत टाकता येत नाही. त्याच्या कंबरेला पिस्तूल नसते. तरीही त्याला त्या खुर्चीवर बसवण्याआधी कायदा काय काय मागतो, ते पाहण्यासारखे आहे.

खासगी सुरक्षा एजन्सींच्या नियमनाचा कायदा 2005 सालचा. एजन्सीला सरकारी परवाना लागतो, तो ठरावीक मुदतीने नव्याने घ्यावा लागतो. रक्षकाची चारित्र्य पडताळणी होते. नियमांप्रमाणे त्याला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष कामावर प्रशिक्षण मिळाले पाहिजे. हे किती पाळले जाते तो वेगळा विषय, आपल्या गेटवरच्या चाचांना विचारा, हसतील. पण कायद्याच्या कलम 10 मधली एक अट नीट वाचा: सैन्यातून, पोलिसातून किंवा सरकारी नोकरीतून गैरवर्तनासाठी बडतर्फ झालेल्या माणसाला खासगी सुरक्षारक्षक म्हणून ठेवता येणार नाही.

म्हणजे गेट सांभाळायला कोण नालायक, हे संसदेने लिहून ठेवले आहे. पोलीस ठाणे सांभाळायला कोण नालायक, हे मात्र पोलीस खाते आणि गृहखाते आपापसात ठरवतात.

रिक्षावाल्याला लायसन लागते, बॅज लागतो. वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते. डॉक्टरचे नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत असावे लागते आणि दर 5 वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. रुग्णालयाने डॉक्टरला काढले तर त्याची फक्त नोकरी जाते. कौन्सिलने नाव काढले तर तो कुठेच प्रॅक्टिस करू शकत नाही. पगार देणारा एक आणि लायकी तपासणारा दुसरा, हीच तर परवान्याची सगळी गंमत आहे. आपल्या पोलिसाच्या बाबतीत हे दोन्ही हात एकाच शरीराचे आहेत.

याचा अर्थ काय होतो, हे आपल्याला ख्वाजा युनूसने शिकवले. परभणीचा हा 27 वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनीअर, दुबईत नोकरी करणारा. 2 डिसेंबर 2002 च्या घाटकोपर बॉम्बस्फोटानंतर त्याच महिन्यात त्याला अटक झाली. जानेवारी 2003 मध्ये पोलिसांनी सांगितले, औरंगाबादला नेताना जीपला अपघात झाला आणि तो पळाला. पुढे सीआयडीच्या तपासात ही पळून जाण्याची कहाणी बनावट असल्याचे पुढे आले आणि प्रकरण कोठडीतल्या मृत्यूचे ठरले. सीआयडीने 14 पोलिसांची नावे घेतली, सरकारने खटल्याला मंजुरी दिली फक्त 4 जणांविरुद्ध: सचिन वाझे आणि तीन शिपाई. मुलाचा मृतदेहसुद्धा आसिया बेगम यांना मिळाला नाही.

वाझे 2004 मध्ये निलंबित झाला. मधल्या काळात त्याने राजीनामा दिला, 2008 मध्ये शिवसेनेत गेला. खटला रखडलेलाच. आणि जून 2020 मध्ये, कोविडच्या धामधुमीत, मनुष्यबळ कमी आहे या कारणाने तो खात्यात परत आला. निर्णय कोणाचा? तेव्हाचे पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या आढावा समितीचा. पोलिसांच्या समितीने पोलिसाला पोलिसात परत घेतले. आसिया बेगम यांना कोणी विचारले नाही. नुसता परत घेतला नाही, तर गुन्हे शाखेत गुप्तवार्ता पथक त्याच्या हाती दिले. नऊ महिन्यांत, मार्च 2021 मध्ये, अंबानींच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या प्रकरणात एनआयएने त्याला अटक केली, आणि मे 2021 मध्ये तो बडतर्फ झाला. त्याच्यावरच्या आरोपांचा निकाल कोर्ट लावील. माझा प्रश्न त्या समितीच्या टेबलाबद्दल आहे. त्या टेबलाभोवती खात्याबाहेरचा एकही माणूस का नव्हता?

कोणी म्हणेल, हे तुमच्या समाजाचे रडगाणे. तर मग आपल्या नवी मुंबईतलेच प्रकरण घ्या. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल 2016 मध्ये बेपत्ता झाल्या. घरचे लोक दारोदार फिरत असताना, जानेवारी 2017 मध्ये, पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकरला राष्ट्रपतींचे पोलीस पदक जाहीर झाले. त्याच वर्षी डिसेंबरात तो अटकेत होता आणि एप्रिल 2025 मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्याला अश्विनीताईंच्या खुनासाठी जन्मठेप दिली. पदकाची शिफारस झालीच कशी, असा सवाल न्यायालयालाही पडला. मारली गेलेली स्त्री स्वतः पोलीस होती. खात्याने खात्याला दिलेले प्रमाणपत्र तिच्याही कामी आले नाही.

गंमत अशी की परवान्याचे बी आपल्या कायद्यात आधीच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 14 प्रमाणे निरीक्षक आणि त्याखालच्या प्रत्येक पोलिसाला नेमणुकीचे प्रमाणपत्र मिळते. निलंबन झाले की ते निष्प्रभ, नोकरी गेली की रद्द. पण ते देणारे खाते, थांबवणारे खाते आणि पुन्हा चालू करणारेही खातेच. त्याला मुदत नाही, आणि नागरिकाला त्यावर हरकत घेता येत नाही. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे ना, असे सांगतात. 2006 च्या प्रकाश सिंह निकालानंतर ते कायद्यात आले खरे, पण त्याचा अहवाल शेवटी सरकारच्याच दारात जातो.

अमेरिकेत पोलिसाला राज्याच्या मंडळाचे प्रमाणपत्र किंवा परवाना लागतो आणि गंभीर गैरवर्तनासाठी तो काढून घेता येतो. कॅलिफोर्नियाला हा अधिकार 2021 च्या कायद्याने मिळाला. इंग्लंडमध्ये बडतर्फ पोलिसांची बंदी-यादी 2017 पासून आहे. त्या यादीतला माणूस दुसऱ्या जिल्ह्याच्या पोलिसात शिरू शकत नाही. मिनेसोटात तर पोलिसांना फार पूर्वीपासून परवाना लागतो, आणि जॉर्ज फ्लॉइड तिथेच, मिनियापोलिसच्या रस्त्यावर मेला. म्हणून परवाना म्हणजे तावीज आहे असे मी म्हणत नाही. पण तिथे शिक्षेनंतर तो माणूस आढावा समिती बसवून वर्दीत परत येईल, ही भीती कोणाला नाही.

मनोबल खचेल, हा नेहमीचा आक्षेप. कोणाचे? साहेबाने सांगितले म्हणून लॉकअपमध्ये पट्टा हातात घेणाऱ्या शिपायाचा विचार करा. युनूसच्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे राहिले? एक सहायक निरीक्षक आणि तीन शिपाई. वरचे वरच राहिले. "साहेब, माझा परवाना जाईल," एवढे म्हणायची सोय त्या शिपायाला असेल तर ती त्याच्याच फायद्याची आहे. आज त्याच्याकडे नाही म्हणायला एकही कागद नाही.

दुसरा आक्षेप, राजकारणी या मंडळाचा गैरवापर करतील. करतील. म्हणूनच मंडळ गृहखात्याबाहेर हवे: निवृत्त न्यायाधीश, मानसोपचारतज्ज्ञ, वकील, सामान्य नागरिक, आणि खालच्या हुद्द्याच्या पोलिसांचा प्रतिनिधीसुद्धा. कोठडीतल्या मृत्यूचे आरोपपत्र दाखल झाले की परवाना स्थगित, आणि मंडळाच्या जाहीर सुनावणीशिवाय तो परत नाही. त्या सुनावणीत मयताच्या घरच्यांना बोलण्याचा हक्क. आयपीएसचे सेवानियम दिल्लीच्या हातात आहेत, तो लढा वेगळा आहे. पण राज्याच्या पोलिसांसाठी दिल्लीकडे बोट दाखवायची गरज नाही. संविधानाने पोलीस हा विषय राज्यांच्या सूचीत ठेवला आहे. विधिमंडळ एका अधिवेशनात कलम 14 दुरुस्त करू शकते.

आपल्या आमदाराला मते मागायला शिरवण्याच्या गल्लीत यावेच लागते. पुढच्या वेळी गटार आणि पाण्याबरोबर हाही प्रश्न विचारा: एमआयडीसीच्या गेटवर ज्याला कायदा उभे राहू देत नाही, त्याला पोलीस ठाण्यात परत बसवायचे की नाही, हे ठरवताना आम्ही कुठे असू?