‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा?

परीक्षा जवळ आल्या की मार्गदर्शकांमधले अलंकारांचे तक्ते घोकायला सुरुवात होते. ‘सम’, ‘सारखा’, ‘परी’ दिसलं की उपमा. ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’ दिसलं की उत्प्रेक्षा. ‘नव्हे’ दिसलं की अपन्हुती. या युक्तीने गुण पदरात पडतात हे खरं. पण मुलं खुणेचा शब्द शोधतात आणि ओळ वाचायची राहून जाते. बारावी असो की स्पर्धा परीक्षा, अलंकारांची नावं तोंडपाठ असलेल्या हजारो मुलांना ती कशासाठी आहेत हे कुणी सांगितलेलंच नसतं. याची मला मनापासून खंत वाटते.

एक साधं वाक्य घेऊ. ‘आजीचा तळहात बाभळीच्या सालीसारखा खरखरीत आहे.’ तळहात हे उपमेय, साल हे उपमान, खरखरीतपणा हा साधारण धर्म आणि ‘सारखा’ हा साधर्म्यवाचक शब्द. चारही अंगं हजर, म्हणून ही पूर्णोपमा. बोलणारा पूर्ण शुद्धीवर आहे. हात वेगळा, झाड वेगळं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. ‘आजीचा तळहात जणू बाभळीची सालच’ म्हटलं की कल्पनेने उचल खाल्ली, तरी ‘जणू’ने तिला धरून ठेवलं आहे. ‘आजीचा तळहात म्हणजे बाभळीची साल’ या रूपकात तो धरबंधही सुटला. ‘हा तळहात नव्हेच, ही बाभळीची साल’ या अपन्हुतीत तर खरी वस्तूच नाकारली. अंधारात गालाला हात लागला आणि आपण बाभळीला घासलो असं समजून नातू दचकला, तर तो भ्रांतिमान. ‘हा हात की साल?’ असं मन घुटमळत राहिलं तर ससंदेह. ‘बाभळीची सालसुद्धा या हातापुढे मऊ’ हा व्यतिरेक. आणि सगळी उपमानं अपुरी पडल्यावर ‘आजीचा तळहात आजीच्या तळहातासारखाच’ असं म्हणणं, हा अनन्वय. मला तो सर्वांत जवळचा वाटतो, कारण उपमा शोधून शोधून दमलेलं प्रेम त्यात दिसतं.

हात तोच, सालही तीच. बोलणाऱ्याच्या मनाची खात्री, भ्रम, संशय, अभिमान मात्र दर वाक्यात बदलत गेला. अलंकारांची नावं या बदलांना दिलेली आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक एवढेच चार अलंकार आहेत. सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’पर्यंत ती संख्या शंभराच्या पुढे गेली. ही वाढ काही वेळा नुसती वर्गीकरणाच्या हौसेपोटी झाली, हे मान्य. तरी तिच्यामागे माणसं कशी बोलतात याचं शतकानुशतकं केलेलं बारीक निरीक्षण आहे.

पण अलंकार कधी आणि किती वापरावा? नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त याबाबत लिहून ठेवलेलं आजही प्रत्येक मराठी शिक्षकाने वाचावं. रसाच्या ओघात, वेगळा खटाटोप न करता आलेला अलंकारच त्याला मान्य होता. तो वेळेवर घ्यावा, वेळेवर सोडावा आणि शेवटपर्यंत ताणत बसू नये, असंही तो सांगतो. बहिणाबाई चौधरींनी ‘ध्वन्यालोक’ वाचलेला असण्याचा प्रश्नच नाही, त्यांना अक्षरओळखही नव्हती. पण चुलीवरच्या तव्याशी त्यांनी संसाराची सांगड घातली ती रोज भाकरी थापणाऱ्या हातांनी. ती उपमा त्यांना शोधावी लागली नसणार. 1952 साली त्यांची गाणी पुस्तकरूपात आली, तेव्हापासून आजवर ती शिळी झालेली नाही.

आणि अलंकार कवितेपुरते नसतात. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण म्हणजे अन्योक्तीची, एकाला उद्देशून दुसऱ्याला सुनावण्याची, घरोघरी चालणारी व्याख्या. ‘सोनं घसरलं’, ‘बाजार सावरला’, ‘पाऊस रुसला’ या मथळ्यांत चेतनगुणोक्ती आहे, निर्जीवाला सजीवासारखं वागायला लावणं आहे. सभेत उमेदवार ‘मी तुमच्या मुलासारखा’ म्हणाला, तर ‘कोणत्या बाबतीत?’ असं विचारता येतं. ‘सारखा’ शब्दाने तेवढी फट ठेवलेली असते. ‘मी तुमचा मुलगा आहे’ म्हटल्यावर ती बुजते. शेतकऱ्याला ‘राजा’ म्हणताना साधारण धर्म नेमका कोणता, हा प्रश्न तर आपण कितीतरी वर्षांत विचारलेला नाही. रूपक ओळखता येणं म्हणजे आपल्यापुढे काय गृहीत धरून ठेवलं आहे ते ओळखता येणं. मतदाराला, ग्राहकाला, बातमी वाचणाऱ्याला ही दृष्टी हवीच.

म्हणून मराठीच्या शिक्षकांना आणि प्रश्न काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. अलंकाराच्या नावाला एक गुण ठेवा, हरकत नाही. त्यापुढे आणखी दोन गुणांचा प्रश्न विचारा: कवीने इथे उपमा न देता रूपक का योजलं? मुलांना दोन-तीन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहू द्या आणि पटण्याजोगं कारण दिलेल्या प्रत्येक उत्तराला गुण द्या, मग ते मार्गदर्शकात असो वा नसो.