रिकामी बाके आणि अविश्वासाचे युग

ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लंडमधील नॉरिच शहराच्या नऊशे वर्षांहून जुन्या कॅथीड्रलमध्ये, ऐन उपासनागृहात, जत्रेतली एक उंच घसरगुंडी उभारण्यात आली होती. वर चढावे, छतावरचे दगडी कोरीवकाम जवळून पाहावे आणि गरगरत खाली यावे, अशी योजना होती. त्याच उन्हाळ्यात रॉचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये छोट्या गोल्फचा खेळ मांडला गेला. लोक आले, मुले रमली, वृत्तपत्रांतून छायाचित्रे झळकली आणि जुन्या वळणाच्या भाविकांनी कपाळाला हात लावला. घसरगुंडीने धर्म बुडत नाही, तसा तरतही नाही. तथापि, ज्या धर्मसंस्थेचे प्रमुखपद साक्षात राजाकडे असते आणि जिचे बिशप उमरावांच्या सभागृहात बसतात, तिला लोकांचे पाऊल आत पडावे म्हणून जत्रेचे साहित्य आणावे लागते, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी खचितच नाही.

आकडे पाहिले म्हणजे ही अगतिकता समजते. २००१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील सुमारे ७२ टक्के लोकांनी आपली नोंद ख्रिस्ती अशी केली होती. २०११ मध्ये हे प्रमाण ५९.३ टक्क्यांवर आणि २०२१ मध्ये ४६.२ टक्क्यांवर आले; ‘कोणताही धर्म नाही’ असे सांगणारे ३७.२ टक्के झाले. जर्मनीत तर ही गळती सरकारी दप्तरातच मोजली जाते. तेथे चर्चच्या सभासदाकडून आयकराच्या आठ-नऊ टक्के इतका चर्च-कर सरकारमार्फत वसूल होतो, आणि तो द्यायचा नसेल तर कचेरीत जाऊन रीतसर सभासदत्व सोडावे लागते. २०२२ या एकाच वर्षात ५ लाख २२ हजारांहून अधिक कॅथॉलिकांनी ते सोडले. कर वाचविण्याचा मोह यामागे असेलही; पण तो कर काही त्या वर्षी नव्याने बसविलेला नव्हता.

या परिस्थितीला ‘उत्तर-आधुनिक’ हे नाव चिकटले आहे. १९७९ साली फ्रेंच तत्त्वचिंतक ल्योतार याने क्यूबेक सरकारच्या विद्यापीठ-मंडळासाठी ज्ञानाच्या अवस्थेवर एक अहवाल लिहिला. मानवाच्या अखंड प्रगतीची, क्रांतीची वा मुक्तीची जी महाकथने समाज आजवर प्रमाण मानीत आला, त्यांवरचा विश्वास उडणे हेच या काळाचे लक्षण होय, असे त्याचे प्रतिपादन होते. ख्रिस्ती धर्म तर जगाच्या उत्पत्तीपासून अंतापर्यंतचे एक सलग महाकथनच सांगतो. साहजिकच त्याला या अविश्वासाची झळ अधिक लागली. मात्र येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील बुद्धिवादी चर्चला विचारीत असे, ‘हे खरे कशावरून?’ त्याला प्रमाणे देता येत, ग्रंथ लिहून उत्तर देता येई. आजचा माणूस विचारतो, ‘हे सांगण्यात तुमचा स्वार्थ कोणता?’ या प्रश्नाला ग्रंथ हे उत्तर होऊ शकत नाही. त्याला उत्तर एकच, आणि ते म्हणजे सांगणाऱ्याचे वर्तन.

चर्चच्या धुरीणांनी मात्र पुष्कळदा हा प्रश्न मालाच्या खपाचा मानला. गिऱ्हाईक घटले, तर दुकानाची मांडणी बदलावी, हा त्यामागील विचार. त्यातून निघालेले सर्वच प्रयोग टाकाऊ आहेत असे नव्हे. २००४ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या एका अहवालाने चहागृहांतून, शाळांतून, वसाहतींतून नव्या पद्धतीच्या मंडळ्या उभारण्यास मान्यता दिली, आणि काही ठिकाणी त्यांनी चांगले मूळ धरले. लंडनच्या ब्रॉम्प्टन भागातील चर्चने १९७७ मध्ये सुरू केलेला ‘अल्फा’ हा अभ्यासक्रम जगभर पसरला. आधी एकत्र जेवण, मग व्याख्यान आणि त्यानंतर कोणताही प्रश्न विचारण्याची मुभा, असा त्याचा साधा क्रम आहे. त्याच्या यशाचे श्रेय व्याख्यानापेक्षा जेवणालाच अधिक द्यावे लागेल! एकट्या राहणाऱ्या महानगरी माणसाला आठवड्यातून एकदा कोणी ताट वाढून समोर बसते आणि त्याचे ऐकून घेते, ही गोष्ट लहान नाही.

बाजाराचीच उपमा घ्यावयाची, तर ती नीट घ्यावी. अर्थशास्त्राचा जनक ॲडम स्मिथ याने १७७६ च्या आपल्या ग्रंथात धर्मोपदेशकांच्या वेतनाचाही विचार केला आहे. अनुयायांच्या स्वेच्छादानावर जगणारा उपदेशक उद्योगी राहतो. ज्याचे पोट जमिनीच्या उत्पन्नावर वा राजाच्या तनख्यावर भरते तो सुस्तावतो, असे त्याचे निरीक्षण होते. चर्च ऑफ इंग्लंडच्या मध्यवर्ती विश्वस्तांकडे आज दहा अब्ज पौंडांहून अधिक ठेव आहे, हे येथे आठवावे. पुढे १९९४ मध्ये लॉरेन्स आयानाकोन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने याच दिशेने एक मार्मिक मुद्दा मांडला. जे धर्मसमूह सभासदांकडून वेळ, पैसा व शिस्त यांची मोठी अपेक्षा ठेवतात, तेच बहुधा बळकट राहतात. कारण काहीही न देता केवळ लाभ घेणारे फुकटे तेथे टिकत नाहीत, आणि उरलेल्यांच्या सहवासाचे मोल वाढते. म्हणजे धर्माचा ‘भाव’ शून्यावर आणला की मागणी वाढेल, हा हिशेब मुळातच चुकीचा. अर्थात, कडकपणा म्हणजे मोल नव्हे. धाकदपटशाने माणसे बांधून ठेवणारे पंथही बळकट असतात, आणि त्यांचे अनुकरण करावे असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या मंडळीत येण्याने माणसाचे काही खर्ची पडत नाही, तिथून जाण्यानेही त्याचे काही बिघडत नाही.

आणि मग वर्तनाचा प्रश्न येतोच. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेकिन अहवाल प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती शिबिरे चालविणाऱ्या एका बॅरिस्टरने शंभरहून अधिक मुलांचा व तरुणांचा अनन्वित छळ केला होता, आणि हे ठाऊक असलेल्या जबाबदार व्यक्तींनी वर्षानुवर्षे ते झाकून ठेवले होते. काही दिवसांतच कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना राजीनामा जाहीर करावा लागला. संस्थेचे नाव राखण्यासाठी पीडितांना गप्प बसविणारी धर्मसंस्था जेव्हा दुर्बलांवरील प्रेमाची भाषा बोलते, तेव्हा श्रोत्याच्या मनात येणारा संशय ल्योतारने पेरलेला नसतो. तो त्या संस्थेने स्वतः कमावलेला असतो. गायनवृंदाऐवजी गिटार आणल्याने तो फिटत नाही. चौकशी स्वतंत्र असावी, कागदपत्रे खुली व्हावीत, दोषी कितीही वरच्या पदावरचा असो, तो जावा, हे केल्यावाचून कोणत्याही मोहिमेला अर्थ नाही.

या साऱ्याचा खोल विचार करणारा एक माणूस भारतातून इंग्लंडला परतलेला होता, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. लेस्ली न्यूबिगिन १९३६ मध्ये मिशनरी म्हणून तमिळ प्रदेशात आले, १९४७ मध्ये दक्षिण भारतीय चर्चचे पहिल्या पिढीतील बिशप झाले, आणि १९७४ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी गेले. तेथे त्यांना दिसले की, ज्या देशाने जगभर धर्मप्रसारक धाडले तोच आता धर्मप्रसाराचे सर्वांत अवघड क्षेत्र बनला आहे. भारतातील विरोधापेक्षा इंग्लंडातील थंड उपेक्षा अधिक कठीण. बर्मिंगहॅममधील विन्सन ग्रीन या गरीब वस्तीत, तुरुंगासमोरच्या एका लहानशा चर्चची जबाबदारी त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर पत्करली. शुभवर्तमानाचे विश्वसनीय भाष्य कोणते, तर त्यावर विश्वासून त्याप्रमाणे जगणारी एखादी स्थानिक मंडळी, हे त्यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात मांडलेले सूत्र त्या वस्तीतल्या वास्तव्यानंतरचे आहे. मराठी वाचकाला येथे रेव्हरंड ना. वा. टिळकांची आठवण व्हावी. १९१७ मध्ये मिशनच्या पगाराचा त्याग करून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान दिले. उपदेशकाचा स्वार्थ कोणता, हा प्रश्न त्यांनी लोकांनी विचारण्यापूर्वीच निकालात काढला होता.

इंग्लंडमध्ये अशा मंडळ्या नाहीत असे मुळीच नाही. २००० साली सॉल्सबरी येथे ट्रसेल या ख्रिस्ती प्रेरणेच्या संस्थेने पहिली अन्नपेढी उघडली. आज देशभर अशा कितीतरी अन्नपेढ्या चर्चच्या सभागृहांतून चालतात. जेथे शिधा घेणाऱ्याला श्रद्धा विचारली जात नाही, तेथे चर्चविषयी दोन बरे शब्द बोलले जातात. वेस्ट इंडीजमधून १९४८ नंतर आलेल्या कृष्णवर्णीयांचा अनुभव याच्या उलट होता. ते बहुधा चर्चला जाणारे लोक होते, आणि अनेक ठिकाणी त्यांना दारातच थंडपणे वागविले गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने याबद्दल माफी मागितली. आज लंडनमधली भरलेली उपासनागृहे पुष्कळ अंशी आफ्रिकी व कॅरिबियन वंशाच्या लोकांनीच भरलेली असतात. एकीकडे दारी आलेल्यांना परतवावयाचे आणि दुसरीकडे न येणाऱ्यांसाठी परिसंवाद भरवावयाचे, या विसंगतीला तत्त्वज्ञान जबाबदार नव्हते.

प्रत्यक्ष निर्णयाचा प्रश्न आता पैशाचा आहे. २०२१ मध्ये पगारी धर्मगुरूंवाचून चालणाऱ्या दहा हजार नव्या मंडळ्यांची कल्पना पुढे आली, तेव्हा जुन्या धर्मग्रामांच्या रक्षणासाठी चळवळच उभी राहिली. तिची चिडचीड समजण्यासारखी होती. सुमारे सोळा हजार चर्च-इमारतींची बहुतेक दुरुस्ती गावकऱ्यांच्या वर्गणीतून होते, आणि खेड्यापाड्यांत एकेका धर्मगुरूकडे सहा-सहा, आठ-आठ गावे सोपविलेली असतात. रविवारी मोटारीतून एका चर्चहून दुसऱ्याकडे धावणाऱ्या अशा गृहस्थाला कोणाच्या घरी बसून चहा घ्यावयासही सवड नसते. मध्यवर्ती ठेवीचे उत्पन्न नव्या योजनांच्या जाहिरातीवर खर्च करावे, की त्या सहा गावांसाठी आणखी एक माणूस नेमावा, हे महासभेला ठरवावयाचे आहे. तिने दुसरा पर्याय निवडला, तर त्याचा परिणाम पुढच्या जनगणनेत दिसेल असे नाही. पण त्या गावातल्या आजारी म्हातारीला दार वाजलेले ऐकू येईल.