न मागवलेल्या मालाचे बिल

ट्रेडमार्क नोंदवलेल्या व्यापारी बांधवांच्या टपालात कधी सरकारी थाटाचे बिल येते. मोहर, मार्काचा नंबर, रक्कम, मुदत, सगळे जागच्या जागी! नवल नाही, अर्जदाराचे नाव-पत्ता सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्येच छापून येतो. तळाशी बारीक अक्षरांत मात्र असते की हा खासगी यादीत नाव छापण्याचा प्रस्ताव आहे. अंधेरी-घाटकोपरच्या गाळ्यात ती ओळ वाचायला सवड कुणाला? मुनीमजी चेक लिहून मोकळे. दोष त्यांचा नव्हे. ऑर्डर कोणी दिली हे विचारल्याशिवाय सही न करणे शेठचे काम. परदेशात मार्क नोंदवणाऱ्यांना तर जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेनेच अशा बिलांबद्दल सावध केले आहे. आपली नोंदणी 10 वर्षांची. नूतनीकरणाची फी सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाचीच. शंका वाटल्यास बिल घेऊन अँटॉप हिलच्या कार्यालयात विचारावे.