विहिरीवरच्या मोटरला चुंबक लागत नाही, मग ई-स्कूटरचं त्यावाचून का अडतं?

जुलै २०२५ च्या अखेरीस बजाज ऑटोचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी एक इशारा दिला. चुंबक मिळाले नाहीत, तर ऑगस्टमध्ये चेतक ई-स्कूटरचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं, असं त्यांनी सांगितलं. ऑगस्टमध्येच थोडा माल मिळाला आणि काम पुन्हा सुरू झालं. पण पुण्यातली एवढी मोठी कंपनी चुंबकांसाठी अडू शकते, हे सगळ्यांना दिसलं.

याचं मूळ चीनमध्ये होतं. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यं आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. जगातले असे सुमारे ९० टक्के चुंबक चीनमध्येच बनतात.

मग रेअर अर्थशिवाय काम चालवता येणार नाही का? याचं अर्धं उत्तर नंदुरबार जिल्ह्यातल्या शेतांत आणि माळांवर रोज फिरताना दिसतं.

चुंबकाशिवाय मोटर फिरते कशी?

शहादा-तळोद्याच्या शिवारात लाइटवर चालणारी पाणबुडी मोटर घ्या किंवा गावातली पिठाची गिरणी घ्या. तिथे बहुतेक वेळा इंडक्शन मोटर असते. बाहेरच्या गुंडाळ्यांत वीज सोडली की फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्याने आतल्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या दांड्यांत प्रवाह निर्माण होतो आणि मधला भाग फिरू लागतो. यात कायमचा चुंबक कुठेच नसतो.

पवनचक्क्यांचंही तसंच. नंदुरबार १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. त्या जुन्या जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलजवळ पवनचक्क्यांची मोठी रांग आहे. तिथे पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनची यंत्रं आहेत. या कंपनीच्या पवनचक्क्यांत गिअरबॉक्स आणि तांब्याच्या गुंडाळ्यांचा जनरेटर असतो. गिअरबॉक्स नसलेल्या अनेक परदेशी पवनचक्क्यांना मात्र एका मेगावॉटमागे काही शे किलो रेअर अर्थ चुंबक लागतात.

मग स्कूटरमध्ये तीच मोटर का नाही?

वजन आणि जागा या दोन गोष्टी आडव्या येतात. विहिरीवरची मोटर दहा किलोने जड झाली तरी शेतकऱ्याचं काही बिघडत नाही. स्कूटरमध्ये मात्र प्रत्येक किलो बॅटरी खातो. १९८० च्या दशकात जपान आणि अमेरिकेत तयार झालेला निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक इथेच बाजी मारतो. स्पीकरमध्ये असतो त्या काळ्या फेराइट चुंबकाच्या तुलनेत तो साधारण दहापट ऊर्जा साठवतो. त्यामुळे मोटर लहान होते आणि कमी विजेत जास्त काम करते.

फेराइट लोहाच्या ऑक्साइडपासून बनतो, म्हणून स्वस्त असतो. ओला इलेक्ट्रिकने २०२५ मध्ये फेराइट चुंबकाची मोटर आणली आणि तिला सरकारी चाचणीचं प्रमाणपत्रही मिळालं. टेस्लानेही मार्च २०२३ मध्ये पुढची मोटर रेअर अर्थशिवाय बनवणार असल्याचं जाहीर केलं होतं. लोह आणि नायट्रोजनचा चुंबक, लोह आणि निकेलचा चुंबक असे नवे पदार्थही तयार होत आहेत. पण प्रयोगशाळेतून बाजारात येऊन निओडिमियमची जागा घेण्याइतकी मजल त्यांनी अजून मारलेली नाही.

आणि दिव्यांचं काय?

एलईडी बल्बमधली चिप निळा प्रकाश देते. तिच्यावरच्या पिवळ्या पावडरमुळे तो पांढरा दिसतो. या पावडरीत यिट्रियम आणि सीरियम असतं. यिट्रियम चीनच्या एप्रिलच्या यादीतही आहे. पण एका बल्बला ही पावडर अगदी चिमूटभर लागते. त्यामुळे बल्ब लगेच बाजारातून गायब होण्याची भीती मोटरइतकी नाही.

लाल रंगासाठी मँगनीज वापरणारी पावडर टीव्ही आणि मोबाइलच्या पडद्यांत आधीच आली आहे. पिवळ्या पावडरीला तितकाच स्वस्त आणि टिकाऊ पर्याय अजून हवा आहे. नागपूर विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग प्रकाश देणाऱ्या अशा पावडरींवर अनेक वर्षं संशोधन करत आहे.

खरा पेच सौर पंपाचा

शेतकऱ्याला थेट भिडणारा प्रश्न इथे आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते, इतरांना १० टक्के. नंदुरबारमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. म्हणजे ही योजना इथे मोठ्या वर्गासाठी आहे.

सौर पंपात दोन्ही प्रकारच्या मोटरी चालतात. चुंबकाची डीसी मोटर तेवढ्याच पॅनेलवर जास्त पाणी उपसते. इंडक्शन मोटर थोडं कमी उपसते, पण तिला परदेशातून चुंबक लागत नाही आणि गावातला वाइंडर ती पुन्हा भरून देतो. चुंबक महागले किंवा मिळेनासे झाले, तर सरकारला कोणती मोटर पुरवायची याचा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

पैसा कुठे जातोय?

केंद्र सरकारने २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचं उद्दिष्ट देशात वर्षाला ६,००० टन रेअर अर्थ चुंबक बनवण्याचं आहे. ते गरजेचं आहे. पण कारखाने उभे राहायला वर्षं लागतात आणि कच्चा माल शुद्ध करण्याचं काम अवघड आहे.

म्हणून दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जिथे वजनाला महत्त्व नाही, त्या पंप, गिरणी, पवनचक्कीत चुंबकाशिवायची मोटर वापरली, तर हाती असलेले चुंबक गाड्यांसाठी उरतात. त्यासाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. ती मोटर विहिरीवर आधीपासून चालूच आहे.